खोडरबरला नो एन्ट्री!

हिंजवडीतली नोकरी सोडून कर्वेनगरमधल्या घराच्या गॅलरीत गणित शिकवणाऱ्या एका ताईंची ही गोष्ट. सहा खुर्च्या, एक फळा आणि एकच हट्ट : उत्तर चुकलं तरी चालेल, पण ते आलं कसं ते सांग!

खरं सांगा, गणिताचा पेपर अजूनही स्वप्नात येतो ना? तास उलटून गेलाय, शेजारची मुलगी तिसरी पुरवणी मागतेय आणि आपला पेपर मात्र कोराच! दचकून जाग येते आणि मग आठवतं, अरे, दहावी होऊन बारा वर्षं झाली, सकाळी ऑफिसला जायचंय! आमच्या ग्रुपमध्ये हा विषय निघाला की भराभर हात वर होतात. त्यात बँकवाले असतात, मार्केटिंगवाले असतात, एक्सेलमध्ये लाखालाखांची बजेट फिरवणारेही असतात. शाळा सुटली, पण गणिताचा धाक काही सुटला नाही, अशी ही आपली सगळी मंडळी.

म्हणूनच एका मैत्रिणीने सांगितलं की तिचा भाचा संध्याकाळी स्वतःहून दप्तर उचलून गणिताच्या शिकवणीला पळतो, तेव्हा माझे कान टवकारले. असं कोण बरं शिकवतं? पत्ता घेतला आणि थेट कर्वेनगर गाठलं. दुसरा मजला, दाराबाहेर चपलांचा ढीग, आत काचा लावून बंद केलेली गॅलरी. तिथे सहा खुर्च्या, एक फळा आणि मोबाईल ठेवायला दाराशी वेताची टोपली. मुलं ज्यांना नुसतंच ‘ताई’ म्हणतात, त्यांनी चहा देतादेताच पहिली अट घातली. ‘हवं ते लिही, पण नाव छापू नकोस. नाव छापलं की फोन येतात आणि माझ्याकडे खुर्च्या सहाच आहेत!’ त्यामुळे आपणही त्यांना ताईच म्हणू या.

किराणा दुकान ते टेस्टिंग

ताई मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावच्या. घरचं किराणा दुकान. शाळेतून आल्यावर गल्ल्यावर आजोबांशेजारी बसायचं आणि गिऱ्हाइकाचा हिशेब तोंडी करायचा, ही त्यांची पहिली शिकवणी. आजोबांना पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी सगळं तोंडपाठ. औटकीसुद्धा! औट म्हणजे साडेतीन, हे तुमच्यापैकी किती जणांना माहिती होतं? मलाही ताईंकडेच कळलं. साडेतीन रुपयांची वस्तू आठ जणांनी घेतली की आजोबा क्षणात ‘अठ्ठावीस’ म्हणायचे.

‘मी पाढा पाठ केला नाही, मी भांडायचे,’ ताई हसत म्हणाल्या. ‘आठ त्रिक चोवीस आणि आठाचे निम्मे चार, झाले अठ्ठावीस, मग पाठ कशाला करायचं? पुढे शाळेत बीजगणितात कंस सोडवायला शिकवले, तेव्हा लक्षात आलं, अरे, हे तर आपल्या दुकानातलंच आहे!’

मग ठरलेला रस्ता. कराडला इंजिनिअरिंग, कॅम्पसमधून नोकरी, पुण्यात हिंजवडीला आयटी कंपनी, काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. आठ वर्षं. लग्न, फ्लॅट, हप्ते. आणि याच नोकरीत त्यांना त्यांच्या शिकवण्याचा सगळा फंडा सापडला, असं त्या म्हणतात.

टेस्टिंगमधल्या वाचकांना लगेच पटेल. ‘ॲप चालत नाही’ एवढंच लिहून पाठवलेला बग रिपोर्ट डेव्हलपर तोंडावर परत फेकतो. कुठलं बटण आधी दाबलं, मग काय केलं, नेमकं कुठल्या पायरीला गाडी अडली, हे सगळं लिहावं लागतं. ‘मुलांच्या बाबतीत आपण नेमका उलटा उद्योग करतो,’ ताई म्हणाल्या. ‘हा गणितात कच्चा आहे, म्हणून मोकळे होतो. कच्चा म्हणजे कुठे? कोणत्या पायरीला? ते कुणी बघतच नाही.’

शेजारच्या सहावीतल्या मुलीला त्या रविवारी सहज शिकवू लागल्या. एकीच्या तीन झाल्या, तिघींच्या सहा. २०१६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

दोन पंचमांश भाकरी

मी ज्या संध्याकाळी जाऊन बसले, तेव्हा सहावीची बॅच होती. फळ्यावर बेरीज होती, एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. एका मुलाने बिनधास्त उत्तर लिहिलं, दोन पंचमांश. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले, मामला खतम! तुम्ही आम्ही असतो तर एव्हाना लाल पेनाने फुली मारून मोकळे झालो असतो. ताईंनी फक्त विचारलं, ‘कसं आलं?’

पोरगा क्रिकेटवेडा. म्हणाला, ‘पहिल्या मॅचला दोन कॅच आले, एक धरला. दुसऱ्या मॅचला तीन आले, त्यातला एक धरला. एकूण पाचातले दोनच धरले ना!’

ताई म्हणाल्या, ‘एकदम बरोबर. हे उत्तर खरंच बरोबर आहे, पण वेगळ्या प्रश्नाचं आहे. आता मला सांग, अर्धी भाकरी खाल्लीस. भूक होती म्हणून आणखी एक तृतीयांश भाकरी खाल्लीस. एकूण किती खाल्लीस ते नंतर बघू. पण ती अर्ध्या भाकरीपेक्षा कमी असेल की जास्त?’

‘जास्त!’

‘आणि दोन पंचमांश?’

पोराने भाकरी काढली, पाच भाग केले, दोन रंगवले. मान तिरकी करून बघितलं. दोन पंचमांश अर्ध्याहून कमी भरत होते! पाच मिनिटांत त्याने स्वतःच भाकरीचे सहा भाग केले आणि तीन आणि दोन मिळून पाच षष्ठांश काढले. कॅच मोजताना प्रत्येक मॅचमधल्या कॅचची संख्या वेगळी चालते, भाकरी मात्र एकच धरावी लागते, हे त्याने शेजारणीला समजावूनही सांगितलं. छेद समान करण्याचा नियम ताईंनी तोवर उच्चारलाही नव्हता.

या वर्गात खोडरबर आणायला बंदी आहे, त्याचं कारण हेच. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची आणि खाली पुन्हा करायचं. खोडलं की चूक गेली आणि चुकीबरोबर तिचं कारणही गेलं. प्रत्येकाची एक वेगळी ‘चुकांची वही’ असते. त्यात आठवड्यातली सगळ्यात भारी चूक लिहायची आणि आपण असं का केलं, ते दोन ओळींत लिहायचं. सुरुवातीला पालक बिचकतात. एका आईने तर वही उघडून विचारलं होतं, ‘तुम्ही हिच्याकडून फक्त चुकाच करून घेता का?’

त्रेपन्न की पस्तीस?

पाचवीतला एक मुलगा ‘त्रेपन्न’ ऐकून पस्तीस लिहायचा. घरी ओरडा, शाळेत ओरडा, ‘लक्ष कुठे असतं तुझं?’ ताईंच्या मते लक्ष होतं, म्हणूनच तो तसं लिहीत होता! मराठीत ‘त्रेपन्न’ म्हणताना तीन आधी ऐकू येतो आणि पन्नास नंतर. सेमी इंग्लिशमधलं पोर वर्गात ‘फिफ्टी थ्री’ ऐकतं, घरी आजीकडून ‘त्रेपन्न’ ऐकतं आणि जे आधी ऐकू आलं ते आधी लिहितं.

आठवतंय? २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशीही संख्या वाचण्याची पद्धत दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! विनोद झाले, विधानसभेत चर्चा झाली. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर तेव्हा शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची ही नावं लहान मुलांना अवघड जातात. त्या २०२३ मध्ये गेल्या. ताई त्यांना खूप मानतात, पण स्वतः दोन्ही शिकवतात. ‘घरात त्रेपन्न म्हणतात, तर पोराला त्रेपन्न यायलाच हवं. फक्त ते कसं बनलंय, हे एकदा उलगडून दाखवायचं. मग गोंधळ उरत नाही.’

देवळालीचे मास्तर

पहिल्या दिवशी ताई पुस्तक उघडत नाहीत. जन्मवर्ष लिहायला सांगतात. त्यातल्या आकड्यांपासून होणारी सगळ्यात मोठी संख्या घ्यायची, त्यातून सगळ्यात छोटी वजा करायची. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. मीही करून पाहिलं. माझं साल १९९८. मग ९९८१ वजा १८९९, उत्तर ८०८२. मग ८८२० वजा ०२८८, उत्तर ८५३२. मग ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. आणि ६१७४ ला तेच केलं की पुन्हा ६१७४च! शेजारी बसलेल्या मुलीचं साल २०११. तिची पहिलीच वजाबाकी २११० वजा ०११२, आणि उत्तर चक्क १९९८. म्हणजे माझ्या जन्मसालाला हात लावून तीही ६१७४ वर हजर! चारही आकडे सारखे नसतील, तर कुठलीही चार अंकी संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही इथेच पोहोचता.

हे शोधणारे द. रा. कापरेकर कोणी मोठे प्रोफेसर नव्हते. जन्म डहाणूचा, १९०५ चा. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजमध्ये आणि आयुष्यभराची नोकरी नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तरची. ६१७४ बद्दल त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत सांगितलं. जगभरात मात्र त्यांचं नाव झालं ते १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं तेव्हा. ताईंच्या वर्गात भिंतीवर एकच आकडा आहे, ६१७४. ‘मुलांना कळू दे, गणित म्हणजे फक्त मार्क नाहीत. एका शाळामास्तरांनी नुसत्या वजाबाक्या करून जगाला चकित केलंय.’

तबल्यातली बेरीज

क्लास संपला की ताई तबल्याला बसतात. तिशीनंतर शिकायला सुरुवात केली. डिसेंबरमध्ये ‘सवाई’च्या दिवसांत क्लासला चक्क सुट्टी! आणि हा छंदही फिरून गणितातच येतो बरं का. तीनताल सोळा मात्रांचा. पाच मात्रांचा एक तुकडा तीनदा वाजवून शेवटचा ठोका बरोबर समेवर आणायचा आहे, तर मध्ये किती थांबायचं? नववीच्या मुलांना हा प्रश्न घालून त्या स्वतः टाळ्या वाजवत बसतात. पाच, एक थांबा, पाच, एक थांबा, पाच. झाल्या सतरा. सतरावी म्हणजे पुढच्या आवर्तनातली पहिली, म्हणजेच सम! समीकरण न मांडताच पोरं समीकरण सोडवतात.

‘मला तबला येत नाही, हेही त्यांना दिसायला हवं,’ ताई म्हणाल्या. ‘माझा हात चुकतो, मी पुन्हा वाजवते. चाळिशीला आलेली बाई चुकतेय आणि तरी मजेत आहे, हे मुलांनी फारसं कुठे पाहिलेलंच नसतं.’

आता पैशांचं बोलू

सोमवारी सकाळी राजीनाम्याचा मेल मनातल्या मनात लिहिणाऱ्यांनो, हा भाग नीट वाचा!

चार बॅच, प्रत्येकी सहा, म्हणजे चोवीस मुलं. एप्रिल-मे मध्ये फी बंद, हप्ता मात्र चालूच. नोकरी सोडली तेव्हाचा पगार ताईंना आजही शिकवणीतून मिळत नाही. फ्लॅटचा हप्ता नवऱ्याच्या पगारातून जातो. आणि एवढं करून नातेवाईक विचारतात, ‘घरबसल्या क्लास, ते ठीक आहे गं. पण बाकी काय करतेस?’ पुरुषाने नोकरी सोडून क्लास काढला की बिझनेस, बाईने काढला की टाइमपास!

गंमत म्हणजे धंदा म्हणून पाहिलं तर मार्केट जोरात आहे. केंद्र सरकारच्या २०२५ च्या पाहणीत देशातली साधारण २७ टक्के मुलं खासगी शिकवणी घेत असल्याचं दिसलं, शहरांत तर ३० टक्क्यांहून अधिक. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या क्लासने ताईंना शाखा सांभाळायची ऑफर दिली. बॅच साठ मुलांची, पगार जवळजवळ आयटीतला. घरी आठवडाभर चर्चा झाली. नवरा म्हणाला, घे. ताई एक लेक्चर बघून आल्या. सर उत्तम शिकवत होते. मागच्या बाकावरच्या मुलीने काहीतरी विचारायला हात वर केला, तो तसाच राहिला आणि थोड्या वेळाने खाली आला. ‘सरांची चूक नव्हती. साठ मुलांना “कसं आलं?” विचारायला वेळ कुठून आणणार?’ त्यांनी नाही म्हणून कळवलं.

याचं बिल आलंच. यंदा जूनमध्ये चार मुलं एकदम मोठ्या क्लासला गेली. चार खुर्च्या रिकाम्या. त्यात ताईंचा स्वतःचाच एक आत्मघातकी नियम आहे, की कुठलंही मूल दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. ‘दोन वर्षांनी त्याला माझी गरज लागत असेल, तर मी काहीतरी वेगळंच शिकवलं असणार.’ ऐकायला मस्त वाटतं, पण दर वर्षी आपणच आपलं गिऱ्हाईक घालवायचं, हे दुकानदाराच्या नातीला कळत नसेल का? चांगलंच कळतं. जूनमध्ये दोन-तीन आठवडे झोप नव्हती, असं त्यांनी सरळ सांगितलं. नियम मोडावा, असंही एकदा मनात आलं. मोडला नाही. हे असंच किती वर्षं चालेल, यावर मात्र त्यांच्याकडे पाठ केलेलं उत्तर नाही.

त्या रिकाम्या खुर्च्यांतून एक नवीनच गोष्ट सुरू झालीय, आणि ती आपल्यासारख्यांसाठी आहे! शनिवारी सकाळी मोठ्यांची बॅच. एक एचआरवाली, बँकेच्या परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा आणि मुलीचा अभ्यास घेता यावा म्हणून येणारे एक बाबा. एचआरवाली हॉटेलच्या बिलापुढेही घाबरायची. मी गेले त्या शनिवारी तिने ६५० चे १८ टक्के तोंडी काढले. वीस टक्के म्हणजे १३०, त्यातून दोन टक्के म्हणजे १३ गेले, राहिले ११७. आणि मग तिने हळूच मोबाईलवर खात्री करून घेतली. ताई बघून न बघितल्यासारखं करत होत्या.

उत्तर तर मोबाईलही देतो, मग ताई कशाला? मी विचारलंच. आता फोटो काढला की ॲप सगळ्या पायऱ्यांसकट गणित सोडवून देतं. ताईंना त्याचा राग नाही, पोरांना त्या वापरूही देतात, पण नंतर. ‘ॲप बरोबर पायऱ्या दाखवतं. पण याच्या डोक्यात क्रिकेटची मॅच चाललीय, हे त्याला सांगणार कोण? ते याने स्वतःहून बोलायला हवं, आणि चुकलं तर कुणी हसणार नाही याची खात्री असल्याशिवाय मूल बोलत नाही.’

एकास एक शिकवणीचा फायदा मोजायचा प्रयत्नही झालाय बरं का. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये मांडलं होतं की अशी शिकवणी मिळालेला सर्वसाधारण विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो. नंतरच्या अभ्यासांत एवढा प्रचंड फरक दिसला नाही, पण फायदा होतो हे पुन्हा पुन्हा दिसलं. ताईंना हे आकडे सांगितले, तर म्हणाल्या, ‘टक्के राहू देत. तो क्रिकेटवाला उद्या वर्गात हात वर करतो का, ते बघू.’

शिकवणी लावताय? आधी हे बघा!

* बॅच केवढी आहे, ते विचारा. पन्नासपेक्षा जास्त मुलं असलेल्या कोचिंग सेंटरसाठी केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश द्यायचा नाही आणि मार्कांची किंवा रँकची खोटी हमीही द्यायची नाही.

* एक तास बसून बघू देतात का? सर किती बोलतात आणि मुलं किती बोलतात, ते मोजा.

* वही उघडा. सगळं स्वच्छ आणि बरोबर असेल, तर ते फळ्यावरून उतरवलेलं आहे का, ते पोराला प्रेमाने विचारा.

* घरी पेपर आला की ‘किती मिळाले?’च्या आधी ‘हे कसं केलंस?’ विचारून बघा. यात फी लागत नाही.

* आणि शेवटचा प्रश्न शिकवणाऱ्यांना : ‘ही शिकवणी बंद कधी करायची?’ ज्यांना या प्रश्नाचा राग येत नाही, त्यांच्याकडे जागा आहे का, ते लगेच विचारून घ्या!